जुनी बॉक्सटर घेताय? ९८६ की ९८७ ठरवताना या चुका टाळा

सेकंडहँड पोर्शे बॉक्सटर घ्यायची म्हटलं की पहिला वाद ठरलेला, ९८६ की ९८७, म्हणजे तिची पहिली पिढी की दुसरी. ९८६ म्हणजे १९९६ ते २००४ वाली, जिच्या हेडलाइटला लोक अजून नावं ठेवतात ती, आणि ९८७ म्हणजे २००५ पासून २०१२ पर्यंतची. बहुतेक जण एका वाक्यात निकाल लावून मोकळे होतात, की बजेट ताणता येत असेल तर ९८७ घे, जुनीत बेअरिंगचा लोचा आहे. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

हा बेअरिंगचा लोचा नेमका काय ते आधी बघू. या इंजिनात क्रँकशाफ्टने फिरवला जाणारा एक मधला शाफ्ट (इंटरमीजिएट शाफ्ट, म्हणजे आयएमएस) आहे, त्याच्यावरून कॅमशाफ्टच्या चेन चालतात, आणि त्या शाफ्टच्या टोकाला असलेलं बेअरिंग म्हणजे आयएमएस बेअरिंग. ते तुटलं की टायमिंग हलतं, व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन भिडतात आणि इंजिन बाद. सुरुवातीच्या गाड्यांत डबल रो, म्हणजे गोळ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, ते बऱ्यापैकी टिकतं. २००० च्या आसपास एका रांगेचं सिंगल रो आलं आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली. अमेरिकेत यावर क्लास अ‍ॅक्शन (अनेक मालकांच्या वतीने एकत्र) केस होऊन २०१३ मध्ये सेटलमेंट झालं आणि त्यात २००१ ते २००५ मधल्या गाड्या होत्या. २००५ म्हणजे ९८७ चं पहिलंच वर्ष! म्हणजे जे टाळायला ९८७ घेतली तेच घरी आणलं असं होऊ शकतं.

पुढे २००६ ते २००८ च्या गाड्यांत मोठं बेअरिंग आलं, ते जायचं प्रमाण बरंच कमी, पण गंमत अशी की ते बदलायचं ठरवलं तर अख्खं इंजिन खोलावं लागतं, जुन्या गाड्यांत निदान गिअरबॉक्स उतरवला की हात पोचतो. आणि २००९ मॉडेलपासून इंजिनच नवीन, त्यात तो मधला शाफ्टच नाही. म्हणजे ९८७ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गाड्या आहेत. त्यामुळे मागचा बॅज आणि रजिस्ट्रेशनचं वर्ष बघून भुलू नका, इंजिन नंबर तपासा, कारण गाडी बनते एका वर्षी आणि रजिस्टर होते दुसऱ्या वर्षी असं सर्रास होतं, शिवाय मधे कोणी इंजिनच बदललेलं असू शकतं. माझ्या मते बेअरिंग बदलल्याचं बिल असलेली नीट सांभाळलेली ९८६ ही कागदपत्रं नसलेल्या २००५ च्या ९८७ पेक्षा कधीही भारी.

बिल म्हणजे खरंच बिल हां. "बेअरिंग केलंय साहेब" हे तोंडी चालत नाही. कधी केलं, किती किलोमीटरला केलं, कुठलं बसवलं हे लिहिलेलं पाहिजे, कारण बदललेल्या बेअरिंगलाही आयुष्य असतं. शहाणा मालक त्याच वेळी क्लच आणि रिअर मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) पण करून घेतो, गिअरबॉक्स खाली आलेलाच असतो ना. बिलावर नुसतं बेअरिंग असेल तर क्लचचं विचारा.

दुसरी चूक, कमी किलोमीटर बघून हुरळून जाणं. वर्षानुवर्षं कव्हरखाली उभी असलेली गाडी फोटोत मस्त दिसते पण अशा गाडीत तेलात ओलावा जमतो, रबरी सील सुकतात, टायरवर चर दिसतात पण रबर दगड झालेलं असतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते वाचा, २३१६ म्हणजे २०१६ चा तेविसावा आठवडा. नियमित चाललेली आणि दरवर्षी ऑइल बदललेली गाडी जास्त विश्वासाची, फॅक्टरीने ९८७ ला दोन वर्षांचं अंतर दिलंय ते मला तरी फारच लांब वाटतं.

किलोमीटरची खात्री करायची सोपी युक्ती आहे आणि ती फार कमी जण वापरतात. ९८७ ला पोर्शेचा टेस्टर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र, लावला की इंजिन एकूण किती तास चाललं ते कळतं. किलोमीटरला तासांनी भागा. ७०,००० किलोमीटर आणि ३,००० तास असतील तर सरासरी निघाली ताशी २३, म्हणजे एकतर गाडी जन्मभर ट्रॅफिकमध्ये रांगली किंवा मीटर मागे फिरवलाय. त्याच रिपोर्टमध्ये ओव्हररेव्ह पण दिसतात, मॅन्युअल गाडीत कोणी पाचव्याऐवजी तिसरा टाकून इंजिन मर्यादेबाहेर फिरवलंय का, आणि ते कितव्या तासाला झालं. अगदी अलीकडचं आणि वरच्या रेंजमधलं, म्हणजे मर्यादेच्या फार पुढचं असेल तर सरळ सोडून द्या.

बेअरिंगच्या नादात बोअर स्कोरिंग विसरू नका. सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे पडतात, कोल्ड स्टार्टला टिकटिक येते, ऑइल कमी होत राहतं. २००७ पासून एस मॉडेलला जे ३.४ लिटर इंजिन आलं त्यात हे जास्त ऐकू येतं, २.७ मध्ये कमी. म्हणून गाडी बघायला जाताना आधीच सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका, आणि ३.४ असेल तर बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत जाणारा बारीक कॅमेरा) घालून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका.

आता पाणी. सॉफ्ट टॉपच्या (उघडणाऱ्या कापडी छताच्या) ड्रेनच्या नळ्या पानांनी तुंबतात, पाणी आत येतं, आणि ९८६ मध्ये अलार्म-इमोबिलायझरचा कंट्रोल युनिट नेमका सीटखाली जमिनीवर बसवलाय. तो भिजला की गाडी चावी ओळखत नाही. सीट मागे सरकवा, कार्पेट हाताने दाबा, बोटं ओली लागली किंवा कुबट वास आला तर भाव पाडा किंवा निघा. २००२ पर्यंतच्या ९८६ ला मागची काच प्लास्टिकची आहे, ती घडीवर पिवळी पडून चिरते, २००३ पासून खरी काच आली.

ऑटोमॅटिक हवीच असेल तर फरक मोठा आहे, २००८ पर्यंत पाच गिअरची टिपट्रॉनिक, २००९ पासून सात गिअरची पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचवाला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. टिपट्रॉनिक चालवून बघा आणि मगच ठरवा, अनेकांना ती झोपाळू वाटते. स्टिअरिंगवरून मात्र वाद घालू नका, दोन्ही पिढ्यांत हायड्रॉलिकच आहे, इलेक्ट्रिक आलं ते पुढच्या ९८१ ला.

आणि हो, ९८७ ची बॅटरी उतरली की पुढचं झाकण उघडत नाही, कारण त्याचं कुलूप विजेवर चालतं आणि बॅटरी त्याच झाकणाखाली आहे. गाडी दाखवताना मालक म्हणाला "आज डिकी अडकलीये" तर घाबरू नका, फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारा एक टर्मिनल असतो, तिथे बाहेरून करंट देऊन उघडायला सांगा आणि खालची बॅटरी किती जुनी आहे तेही बघून घ्या.