चर्चच्या हॉलमध्ये फेअरट्रेड कॉफी: ठरावापासून कपापर्यंत

इंग्लंडमध्ये रविवारची उपासना संपली की चर्चच्या हॉलमध्ये कॉफी होते. ती फेअरट्रेड, म्हणजे शेतकऱ्यांना रास्त भाव मिळेल अशा अटींवर खरेदी केलेली, हवी असेल, तर आधी चर्च कौन्सिलमध्ये (चर्चच्या कारभारी समितीत) ठराव मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. तोंडी होकारावर राहिलात, तर सामान आणणारी व्यक्ती बदलताच जुना स्वस्त डबा परत येतो. फेअरट्रेडचं काम पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या फेअरट्रेड फाउंडेशन या संस्थेचा ‘फेअरट्रेड चर्च’ हा दर्जा हवा असेल, तर चर्चच्या सगळ्या बैठकांना फेअरट्रेड चहा-कॉफी, पुढे साखर, बिस्किटं, फळं आणि फेअरट्रेड पंधरवड्यात (फाउंडेशनच्या मोहिमेच्या काळात) प्रचार एवढं करावं लागतं.

पाकिटावर फेअरट्रेडची काळ्या पार्श्वभूमीवरची निळी-हिरवी खूण पाहून घ्या. नुसतं ‘एथिकली सोर्स्ड’ (नैतिक मार्गाने मिळवलेलं) छापलं असेल, तर तो कंपनीचा स्वतःचा दावा असू शकतो.

जादा पैसे जातात कुठे, हे खजिनदार विचारणारच. ऑगस्ट २०२३ पासून वॉश्ड अरेबिकाला (फळाचा गर धुऊन काढलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीला) पौंडामागे (४५४ ग्रॅम) किमान १.८० डॉलर ठरले आहेत. बाजारभाव त्याहून चढा असेल, तर तो द्यावा लागतो. वर २० सेंट प्रीमियम, म्हणजे संस्थेच्या सामाईक कामांसाठी जादा रक्कम. पैसे शेतकऱ्यांच्या संस्थेकडे जातात, थेट शेतकऱ्याच्या हातात नाही. प्रीमियमचा विनियोग सभासद मतदानाने ठरवतात. (सहकारी संस्थेची सर्वसाधारण सभा पाहिलेल्यांना यातली गंमत सांगायला नको.)

खरी मेख मात्र चवीत आहे. कॉफी पाणचट झाली की लोक दोष फेअरट्रेडला देतात, आणि चूक असते मापाची. लिटरला ५५ ते ६० ग्रॅम पूड धरा. २२७ ग्रॅमच्या पाकिटाला ४ लिटर पाणी लागतं, पण पूड स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते. हाती येते साधारण साडेतीन लिटर, म्हणजे १५० मिलीचे २३ कप. साठ माणसांना तीन पाकिटं फोडा. कॅफेटिएरला (जाळीचा दट्टा असलेल्या कॉफीच्या भांड्याला) जाडसर पूडच घ्या. बारीक पूड जाळीतून निसटते, तळाशी गाळ बसतो आणि दट्टा दाबताना जोर लागतो. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबून ओता, चार मिनिटांनी दट्टा खाली करा आणि लगेच थर्मासमध्ये काढा. पूडीवर तशीच राहिली तर कडवट होते, हॉटप्लेटवर ठेवली तर अर्ध्या तासात करपट लागते. म्हणून प्रवचन सुरू असताना नव्हे, शेवटचं गीत सुरू झालं की पाणी ओता.

इतकी धावपळ जमत नसेल, तर फेअरट्रेड इन्स्टंट आणा. कपाला २ ग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमच्या बरणीत ५० कप.