बेसिनवरचा आरसा: काचवाल्याकडं जाण्याआधी

आरशाचं माप घ्यायचं ते बाथरूममध्ये उभं राहून, आणि जमलं तर भिंतीला टाइल लागायच्या आधी. हाताशी टेप, पेन्सिल, जुनी वर्तमानपत्रं, चिकटपट्टी आणि घरातली सगळी माणसं असू द्यात. माणसं कशाला, तर रुंदी बेसिनवरून निघते, पण उंची माणसांवरूनच काढावी लागते, आणि बहुतेक घरांत फसतं ते उंचीतच.

रुंदीचं काम लवकर उरकतं. बेसिनखालच्या कपाटाची किंवा ओट्याची रुंदी मोजा आणि त्यातून दोन ते चार इंच वजा करा. कपाट तीन फुटांचं असेल तर आरसा 32 ते 34 इंचांचा. कपाटाएवढाच घेतला तरी चालतो, पण त्याहून रुंद नको; भिंत डोक्यावर आल्यासारखी वाटते. दोन्ही बाजूंना दिवे लावायचे असतील तर त्यांची जागा आधी सोडा, उरेल ती आरशाची. नुसतं भिंतीवरचं बेसिन असेल, खाली कपाट नसेल, तर बेसिनच्या रुंदीइतका आरसा पुरे. आणि मध्य धरायचा तो बेसिनच्या नळाचा, भिंतीचा नव्हे. बेसिन कोपऱ्याकडं सरकलेलं असताना आरसा भिंतीच्या मधोमध लावला की रोज दात घासताना अर्धाच चेहरा दिसतो.

आता उंची. घरातल्या सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच माणसाला भिंतीशी उभं करून डोळ्यांच्या रेषेत पेन्सिलीची खूण करा. समजा आजी 4 फूट 8 इंचांची आहे. तिचे डोळे जमिनीपासून साधारण 52 इंचांवर येतील. नातू सहा फुटी असेल तर त्याचे 67-68 वर. सपाट आरशाचा हिशोब असा की स्वतःचं जे टोक बघायचं, ते आणि डोळे यांच्या बरोबर मध्यावर आरशाची कड यावी लागते, मग तुम्ही जवळ उभे राहा नाहीतर लांब. नातवाला भांग पाडताना टाळू दिसायची तर वरची कड 70 इंचांपर्यंत हवी, थोडी मोकळीक धरून 72. आजीला छातीपर्यंत, म्हणजे साधारण 40 इंचांपर्यंत, दिसायचं असेल तर खालची कड 46 च्या खाली. म्हणजे खाली 42 पासून वर 72 पर्यंत, 30 इंच उंचीचा आरसा या घराला पुरतो. तुमच्या घरच्या खुणा वेगळ्या येतील, त्याप्रमाणं आकडे बदला. पाहुण्यांसाठी माप काढू नका. लहान पोरांसाठीही नको, ती वाढतात. तोवर एक स्टूल ठेवा.

खालची कड ठरवताना नळ आडवा येतो का, तेही बघा. ओटा 32-33 इंचांवर असेल आणि नळ आखूड, तर 42 ला काही अडत नाही. पण ओट्यावर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन आणि त्यामागं उंच मानेचा नळ घेतला असेल, तर नळाचं टोकच तिथवर येतं. तिथं नळाच्या वर दोन-तीन इंच सोडा, नाहीतर काचेवर सतत शिंतोडे. बोअरचं पाणी असेल तर ते पांढरे डाग पुसून हात दुखतात. तोटी भिंतीतून निघत असेल तर ती आरशाच्या खालीच राहील हे प्लंबरला आत्ताच सांगून ठेवा.

एवढं झालं की वर्तमानपत्रं जोडून त्या मापाचा कागद भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कपाटाचं दार उघडा, बाथरूमचं दार उघडा, बाहेरच्या खोलीतून बघा. दार उघडल्यावर आरशात थेट संडासाचं भांडं दिसत असेल तर आजच कळलेलं बरं. समोर पश्चिमेची खिडकी असेल तर संध्याकाळचं ऊन कागदावर कुठवर येतं त्याची खूण करा. मावळतीचं ऊन ऋतूप्रमाणं कसं सरकतं हे कोल्हापूरकराला वेगळं शिकवायला नको. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीला आपण अंबाबाईच्या देवळात मावळतीचे किरण मूर्तीवर पडताना बघायला उभे असतो. देवळात ते किरण हवेत, दाढी करताना डोळ्यांत नकोत.

भिंतीचं पोट तपासायचं राहून जातं. पाण्याचे पाइप भिंतीत गाडण्याआधी टेप लावून फोटो काढा, म्हणजे ड्रिल कुठं मारायचं नाही ते कळेल. दिवेवाला आरसा घेणार असाल तर त्याचा वायरिंग पॉइंट आरशामागं झाकला जाईल अशा जागी आत्ताच काढून घ्या, आणि आरसा पाण्याच्या शिंतोड्यांना चालेल असा, म्हणजे आयपी 44 किंवा त्यावरचा घ्या. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरात भिंत ओळंब्यात असेलच असं नाही, म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा आणि सगळ्यात लहान आकडा धरा. फ्रेम हवी असेल तर उद्यमनगरातल्या कारखान्यांत पातळ पट्टीची करून मिळते, पण फ्रेमची जाडी एकूण मापात धरायची. तिथं दिवसभर सूत-दोऱ्याची बारीक मापं करणारा कारागीरही घरच्या आरशाला हाताची वीत लावतो, हे मी पाहिलेलं आहे.

मग काचवाल्याकडं जा. काच 5 मिमीची सांगा. पातळ घेतली तर मोठ्या आरशात चेहरा वाकडा दिसण्याची शक्यता वाढते. 32 बाय 30 इंचांचा 5 मिमी आरसा पावणेआठ किलोच्या आसपास भरतो, तेव्हा नुसत्या दुहेरी टेपवर विसंबू नका, क्लिपा किंवा खालून आधार हवाच. दर चौरस फुटाचा असतो. पैसे लावताना माप वाढवून कोणत्या आकड्यापर्यंत धरणार, हे आधीच विचारा. कडा घासून पॉलिश केलेल्या घ्या. आपल्याकडच्या पावसाळ्यात भिंती ओल्या राहतात आणि आरशाला काळं लागतं ते कडांपासूनच. म्हणून मागं हवा खेळेल इतकी, दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) तरी, फट ठेवा. सिलिकॉन वापरणार असाल तर ट्यूबवर न्यूट्रल लिहिलेलं बघा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन आरशामागचा चांदीचा थर खातं.

घरी आणताना आरसा उभाच धरायचा, आडवा झोपवायचा नाही. त्याआधी जिन्याचं वळण आणि बाथरूमचं दार मोजलेलं असू द्या. लावताना मिस्त्रीचा डोळा नको, लेव्हल लावा. सिलिकॉन चोवीस तास वाळू द्या, आणि तोवर त्या बाथरूममध्ये गरम पाण्याची आंघोळ कुणालाच नको.