ओट्यामागच्या भिंतीला टाइल्स लावण्याआधी

आमच्या गॅसमागची एक टाइल वर्षभरातच अख्खी निघून हातात आली. उलटी करून पाहिली, तर मागच्या सिमेंटला जुन्या पिवळ्या रंगाचा पापुद्रा चिकटलेला, पुट्टीसकट. भिंतीचा गिलावा मात्र जागच्या जागी ठणठणीत. रंग न खरवडताच काम उरकलं होतं. टाइल भिंतीला नव्हे, रंगाला चिकटली होती.

म्हणून आधी भिंत कशाची आहे ते बघा. कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरने ओरखडा काढा. राखाडी, वाळूचे कण पडले तर सिमेंटचा गिलावा. पांढरी, मऊ भुकटी पडत राहिली तर बहुधा जिप्समचा गिलावा, आणि पांढऱ्याखाली लगेच राखाडी लागलं तर ती नुसती पुट्टी. पुट्टी पूर्ण काढायची, तिच्यावर दया नको.

मेन स्विच बंद करा. मग टाइल्स लागणार तेवढ्या भागावर पेन्सिलीने खूण करून रंग आणि पुट्टी पत्र्याने खरवडा. पाणी मारून थोडा वेळ मुरू दिलं तर पुट्टी सोपी निघते. गॅसमागे फोडणीचा चिकट थर असतोच. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून घासा आणि दोनदा साध्या पाण्याने पुसा. हातमोजे, मास्क, चष्मा हवाच.

आता हातोडीच्या दांड्याने भिंत ठोकत जा. भरीव ठिकाणी ‘टक्’ वाजतं, पोकळ ठिकाणी ‘बद्’. पोकळ जागेभोवती खडूने गोल करा आणि तेवढा गिलावा छिन्नीने काढून टाका. तिथे एकाला चार मालाने, म्हणजे एक भाग सिमेंट नि चार भाग वाळू, नवा गिलावा करा. आठवडाभर पाणी मारा, मग सुकू द्या. पूर्ण भिंतच नव्याने केली असेल तर 28 दिवस थांबलेलं बरं. घाईचे मिस्त्री इथेच कुरकुरतात, ऐकू नका.

ओल असेल तर टाइल्स म्हणजे नुसतं झाकण. संशय वाटला तर फूटभर प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. आधी नळाची लाइन तपासा.

लांब अॅल्युमिनियमची पट्टी उभी-आडवी लावून बघा. पट्टीखाली तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर खड्डा मालाने भरा. तो अॅढेसिव्हच्या, म्हणजे टाइल चिकटवायच्या मसाल्याच्या, जाड थराने झाकायचा नाही.

सिमेंटची भिंत गुळगुळीत असेल तर टाचे मारा. पाट्याला टाकी लावतात ना, तसेच: दीड-दोन इंचांवर, दोन-तीन मिलिमीटर खोल. त्यापेक्षा जोरात मारलंत तर चांगला गिलावाच पोकळ होईल. स्विचबोर्ड आणि नळांच्या सरळ वर-खाली टाचे जपून, तिथे आत वायर नाहीतर पाइप असतो. जिप्समला टाचे नकोत आणि सिमेंटचा माल थेट तर नकोच. ओलाव्यात दोघांची क्रिया होऊन मध्ये स्फटिक धरतात, ते फुगतात आणि टाइल सुटते. जिप्समवर अॅढेसिव्हच्याच कंपनीचा प्रायमर मारून वाळू द्या. मात्र जाड, मोठ्या टाइल्स लावायच्या असतील तर जिप्सम काढून सिमेंटचा गिलावाच करून घ्या.

धूळ ब्रशने झाडा, ओल्या स्पंजने पुसा. मग सिमेंटच्या भिंतीवर ओंजळभर पाणी फेका. पाणी शोषून भिंत काळसर झाली तर ठीक. थेंब घरंगळले तर तेल किंवा रंग अजून शिल्लक आहे.

टाइल आणि मसाला मिळून भिंत दहा-बारा मिलिमीटर पुढे येते, त्यामुळे स्विचबोर्डचे लांब स्क्रू आणि नळ पुढे आणणारे जोडतुकडे (एक्स्टेन्शन निपल) आत्ताच आणून ठेवा. शेवटी लेव्हल धरून पहिल्या ओळीची रेघ मारा. ओट्याच्या कडेवर भरवसा ठेवू नका, तो बहुतेक वेळा सिंककडे किंचित उतरता असतो.