टीमचा परफॉर्मन्स घसरलाय? माणसावर शिक्का मारण्याआधी या चुका टाळा

एखाद्याचं काम अचानक ढेपाळलं की ऑफिसात ठरलेली वाक्यं ऐकू येतात. "त्याला बदल झेपत नाहीत", "ती फ्लेक्झिबल नाहीये", "पूर्वीसारखा राहिला नाही तो". बरीच वर्षं टीम सांभाळताना ही वाक्यं मीसुद्धा बोललेय, त्यावरून रेटिंगं दिलीयेत, आणि नंतर ऑर्गनायझेशनल सायकॉलॉजीतलं (म्हणजे कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्रातलं) संशोधन वाचत गेले तसं कळत गेलं की आपण माणूस जोखतोय असं वाटत असताना बऱ्याचदा भलतंच काहीतरी जोखत असतो. कधी स्वतःचा चष्मा, कधी नशीब, तर कधी आपणच बदललेले नियम.

रेटिंग म्हणजेच परफॉर्मन्स असं धरणं

२००० साली स्कलन, माउंट आणि गॉफ या तीन संशोधकांनी साडेचार हजारांच्या आसपास मॅनेजर्सची रेटिंगं तपासली. प्रत्येकाला बॉस, सहकारी आणि हाताखालचे लोक अशा अनेकांनी मार्क दिलेले होते. या मार्कांमधला जो फरक होता त्यातला निम्म्याहून जास्त फरक रेटिंग देणाऱ्याच्या वैयक्तिक सवयीतून आलेला निघाला, कोणी सढळ हाताने देतो, कोणी चार मार्क दिले तरी जिवावर आल्यासारखे देतो, कोणाला नीटनेटकेपणा फार आवडतो. म्हणजे ज्या आकड्यावर इन्क्रिमेंट ठरतं त्यात काम करणाऱ्यापेक्षा मार्क देणारा जास्त दिसतो! हे वाचलं त्या दिवशी मी माझी जुनी अप्रेझल शीट काढून बसले, आणि खरंच, ज्यांना मी "चार" मार्क दिले होते त्या सगळ्यांमध्ये कामापेक्षा माझ्याशी पटण्याचा धागा जास्त होता.

मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइकने तर १९२० मध्येच दाखवून दिलं होतं की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांना बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, स्वभाव असे वेगवेगळे मार्क देतात खरे, पण ते मार्क एकमेकांना फारच चिकटलेले असतात. एक गोष्ट आवडली की बाकीच्याही आपोआप वर जातात.

यावर मला उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे एका माणसाचा पूर्ण फॉर्म एका बैठकीत भरायचा नाही. आधी सगळ्या टीमचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. आणि प्रत्येक मार्कापुढे एक घडलेली गोष्ट लिहायची, विशेषण नाही. "जबाबदार आहे" हे विशेषण झालं. "क्लायंटची चुकीची फाईल जाण्याआधी त्याने स्वतःहून थांबवली" ही घडलेली गोष्ट. लिहायला काही आठवतच नसेल तर तो मार्क अंदाजाने दिलाय हे स्वतःशी कबूल करायचं.

बदलानंतरच्या घसरणीला आळस किंवा हट्ट समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी एक कोडं करून बघा. तीन भांडी आहेत, २१, १२७ आणि ३ मापांची, आणि तुम्हाला बरोबर १०० मापं पाणी हवंय. मोठं भांडं भरायचं, त्यातून २१ काढायचे, मग ३ दोनदा काढायचे, झाले १००. अशीच चार-पाच कोडी सोडवली की हात बसतो, मोठ्यातून मधलं एकदा आणि लहान दोनदा. आता भांडी आहेत २३, ४९ आणि ३, आणि हवेत २०. हात बसलेला माणूस काय करतो, ४९ मधून २३ काढतो, मग ३, मग परत ३, उत्तर २० येतं आणि तो खूश. पण २३ मधून ३ काढले की एका झटक्यात २० होतात की! ज्यांनी आधीची कोडी सोडवलेलीच नसतात त्यांना हे चटकन दिसतं.

हा मानसशास्त्रज्ञ अब्राहम लुचिन्सचा प्रयोग, १९४२ साली प्रसिद्ध झालेला. पुढे तो एक असं कोडं देतो जिथे जुनी पद्धत चालतच नाही, २८, ७६ आणि ३ मधून २५ काढायचे, आणि हात बसलेले बरेच लोक तिथे चक्क अडकतात, २८ वजा ३ समोर असताना. यात मठ्ठपणा कुठेच नाहीये. ते जे शिकले ते नीट शिकले, म्हणून अडकले.

आता हे ऑफिसात आणा. आमच्याकडे कामाची सिस्टीम बदलली तेव्हा सगळ्यात मागे पडली ती जुन्या सिस्टीममध्ये सगळ्यात तरबेज असलेली मुलगी. तिच्या बोटांना शॉर्टकट पाठ होते, नवीन स्क्रीनवरही ती जुन्याच क्रमाने जायची, मग मागे येऊन दुरुस्त करायची. नवीन लागलेला पोरगा तिच्या पुढे गेला, आणि वरून निरोप आला की तिच्यात शिकायची तयारी दिसत नाही. मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून तासभर बसले तेव्हा दिसलं की ती दिवसभरात इतरांपेक्षा जास्तच धडपडत होती, फक्त जुन्या रस्त्याने.

लपाइन, कॉलक्विट आणि इरेझ यांनी २००० साली लोकांना निर्णय घ्यायचं एक काम दिलं आणि मधेच नियम बदलले. बदलानंतर ज्यांची एकूण बुद्धिमत्ता आणि नव्याची ओढ जास्त होती ते सावरले हे अपेक्षितच, पण काटेकोर, शिस्तीच्या, कर्तव्यदक्ष माणसांचे निर्णय बदलानंतर उलट मागे पडले. म्हणजे ज्या गुणावर आपण एरवी फिदा असतो तोच नियम बदलल्यावर काही काळ पायात येतो. म्हणून काटेकोर माणसं घेऊ नका असा अर्थ कृपया काढू नका, त्यांना जुनं सोडायला वेळ आणि स्पष्ट परवानगी लागते एवढंच.

आणि अ‍ॅडाप्टेबिलिटी, म्हणजे बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता, ही एकच गोष्ट नसतेच मुळी. पुलाकोस आणि तिच्या सहकाऱ्यांनी २१ वेगवेगळ्या कामांमधले हजारावर प्रसंग चाळून तिचे आठ प्रकार मांडले, त्यात आणीबाणी हाताळणं, ताण सोसणं, नव्या गोष्टी शिकणं, वेगळ्या प्रकारच्या माणसांशी जुळवून घेणं, अनिश्चित परिस्थितीत काम रेटणं असं बरंच येतं. संकटात थंड डोक्याने उभा राहणारा माणूस नवीन सॉफ्टवेअरपुढे गडबडू शकतो, आणि उलटंही. त्यामुळे "फ्लेक्झिबल नाहीये" असं म्हणायच्या आधी नक्की कशात, ते एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

मी आता काय तपासते ते सांगते. जुन्या पद्धतीला अजून कुठे बक्षीस मिळतंय का, म्हणजे सिस्टीम नवी पण रिपोर्ट जुन्याच फॉरमॅटमध्ये मागतोय का आपण? बदलाच्या पहिल्याच आठवड्यात जुनंच टार्गेट ठेवलंय का? कारण घाई असली की माणूस हात बसलेल्याच पद्धतीकडे जास्त वळतो. आणि "आधीची पद्धत आता इथे चालणार नाही, वेगळं बघा" हे कोणी तोंडाने सांगितलंय का? लुचिन्सने मधेच कागदावर 'आंधळेपणाने करू नका' असं लिहायला लावलं तेव्हा काही जणांना सोपा रस्ता दिसायला लागला होता. नवीन आणि गुंतागुंतीचं काम असेल तर सुरुवातीला आकड्याचं टार्गेट बाजूला ठेवून "या आठवड्यात तीन वेगळ्या पद्धती करून बघ" असं शिकण्याचं टार्गेट द्यावं, गोल सेटिंगवर, म्हणजे टार्गेट कसं ठरवावं यावर, आयुष्यभर काम केलेले लॉक आणि लॅथमसुद्धा हेच सांगतात.

निकाल बघून निर्णयाला नावं ठेवणं

बॅरन आणि हर्शी यांनी १९८८ मध्ये लोकांना डॉक्टरांच्या निर्णयाची गोष्ट वाचायला दिली, निर्णय तोच, हातातली माहिती तीच, फक्त शेवट वेगळा. शेवट वाईट असला की लोकांनी त्याच निर्णयाला कमी मार्क दिले. प्रोजेक्ट बुडाल्यावरच्या आपल्या मीटिंगा आठवा, तिथे दुसरं काय होतं?

याचा जुळा भाऊ म्हणजे बुडत्या प्रोजेक्टमध्ये अजून पैसे ओतणं. बॅरी स्टॉने १९७६ साली दाखवलं की आधीचा फसलेला निर्णय स्वतःचा असेल तर माणूस त्याच जागी आणखी जास्त पैसा लावतो, दुसऱ्याचा असेल तर हात आखडता घेतो. म्हणून सुरू करणाऱ्याला "चालू ठेवायचं का" हे एकट्याला ठरवू देऊ नका, दुसऱ्या कोणालातरी बसवा.

आणि निर्णयाच्या दिवशीच अर्धं पान लिहून ठेवा, तारखेसकट. तेव्हा काय माहीत होतं, काय माहीत नव्हतं, कशाच्या भरवशावर हो म्हटलं, आणि कोणत्या आकड्याला थांबायचं. सहा महिन्यांनी स्मरणशक्ती आपल्याला हवी तशी गोष्ट सांगते, कागद सांगत नाही.

मीटिंग झाली म्हणजे सगळी माहिती टेबलावर आली असं समजणं

नाही येत. स्टॅसर आणि टायटसने १९८५ मध्ये गटातल्या प्रत्येकाला थोडी सामाईक आणि थोडी वेगळी माहिती वाटली, सगळी एकत्र केली असती तर योग्य उमेदवार कोण ते दिसलं असतं, पण गट सामाईक गोष्टींवरच बोलत राहिले आणि बरेचदा चुकीचा उमेदवार निवडून मोकळे झाले. सोपा उपाय आहे, मीटिंगच्या आधी प्रत्येकाने "मला माहीत असलेली आणि इतरांना बहुतेक माहीत नसलेली गोष्ट" लिहून पाठवायची. साहेबांनी सगळ्यात शेवटी बोलायचं, हे शक्य असेल तर पाळाच.

फीडबॅक दिला की सुधारणा होतेच असं मानणं

क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या अभ्यासांतले ६०७ परिणाम एकत्र मांडले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर काम आणखी बिघडलं. त्यांचं म्हणणं असं की बोलणं कामावरून घसरून माणसाच्या 'मी'वर गेलं की लक्षही कामावरून उडतं. "तू आजकाल सीरियस नाहीस" असं म्हटलं की समोरचा त्या वाक्याशीच भांडत बसतो, मनातल्या मनात दोन दिवस.

त्या मुलीला मी शेवटी एवढंच म्हटलं, "तिसऱ्या स्क्रीनवर तू मागे जातेस, कारण जुन्या सिस्टीममध्ये तारीख आधी टाकायला लागायची. इथे ती शेवटी टाक, परत यायला नको." तिने करून बघितलं, माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."