घरचा स्विमिंग पूल कसा मोजावा

ठेकेदारानं जाता जाता सांगितलेला ‘चाळीस हजार लिटर’ हा आकडा आधी डोक्यातून काढा. तो बहुतेक वेळा नकाशावरून आलेला असतो, आणि नकाशातला पूल काठोकाठ भरलेला, बिनपायऱ्यांचा असतो. क्लोरीन किती, ॲसिड किती, फिल्टर किती तास चालवायचा, हे सगळं पाण्याच्या खऱ्या मापावर ठरतं. इंदूरला बायपासकडे किंवा खंडवा रोडला ज्यांचं फार्महाऊस आहे, त्यांना मे महिन्यातल्या टँकरचा खर्च मी सांगायला नको.

आणखी एक सल्ला हमखास मिळतो: पूल रिकामा करून मोजा. अजिबात नको. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, जमिनीतलं पाणी वर येतं, आणि रिकाम्या पूलला खालून-बाजूनं दाब बसतो. तळाला तडे जातात. पाणी फार वर आलं तर अख्खं बांधकाम उचललं जाऊ शकतं. भरलेला पूल भरलेलाच मोजायचा.

लांबी-रुंदी सोपी. आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत, पाण्याच्या रेषेवर घ्या. बाहेर आलेल्या कोपिंगवर, म्हणजे काठावरच्या फरशीवर, टेप ठेवू नका. दोन्ही कर्ण सारखे आले की कोपरे गुण्यात, म्हणजे काटकोनात आहेत. गोल पूल असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५. किडनीच्या आकाराचा असेल तर तयार सूत्रांच्या नादी लागू नका: लांबीच्या दिशेनं दोरी ताणा, दर दोन फुटांवर रुंदी घ्या, सगळ्या रुंदींची बेरीज दुप्पट करा. तेच क्षेत्रफळ, चौरस फुटांत.

आता खोली. मलाही सुरुवातीला हेच जड गेलं होतं आणि लोक फसतात तेही इथेच.

पहिली गोष्ट, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. वरून पाहिलं की पाण्याचा तळ खऱ्या खोलीच्या साधारण पाऊणपट दिसतो. चार फुटांचा पूल तीनचा वाटतो. टेपही नको, ती पाण्यात वाकते. सियागंजच्या बाजारातून वायरिंगचा साधा पीव्हीसी पाइप आणा, त्यावर मार्करनं इंचांच्या खुणा करा. पाइपची दोन्ही तोंडं उघडी ठेवा. बुच लावलं की आत हवा कोंडते आणि पाइप वर ढकलला जातो, मग खालचं टोक तळाला टेकलंय की नाही हेच कळत नाही. पाइप अगदी उभा धरा, तिरका धरला की आकडा फुगतो. आणि भिंतीला चिकटवू नका. तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे बहुतेक गवंडी गोलाई देतात, त्यामुळे तिथला आकडा खोटा असतो. दीड फूट आत सरकून मोजा. हे काम एकट्यानं करू नका, खोल बाजूला तर नाहीच.

वाचायचं ते पाण्याच्या पातळीपर्यंत, काठापर्यंत नाही. पातळी रोजची हवी, म्हणजे स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेच्या) तोंडाच्या मध्यावर. उन्हाळ्यात पाणी उडून खाली गेलं असेल तर आधी भरून घ्या.

मग येतो तो लाडका फॉर्म्युला: उथळ बाजू अधिक खोल बाजू, भागिले दोन. तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा उतार असेल तरच तो खरा. घरच्या पूलमध्ये बहुधा सपाट भाग, मग घसरण, मग पुन्हा सपाट भाग असतो. म्हणून लांब बाजूनं दर दोन फुटांवर पाइप टाका आणि आकडा जिथे एकदम बदलायला लागतो तिथे काठावर खडूची खूण करा. त्या खुणांवर पूलचे तुकडे पाडा.

समजा पूल २४ बाय १२ फुटांचा आहे. पहिले १२ फूट खोली ३, पुढच्या ६ फुटांत ती ३ वरून ६ वर जाते, शेवटच्या ६ फुटांत खोली ६. तुकड्यांनी, म्हणजे प्रत्येक तुकड्याची लांबी गुणिले सरासरी खोली: ३६ अधिक २७ अधिक ३६, म्हणजे ९९, गुणिले १२, म्हणजे १,१८८ घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर धरले की साधारण ३३,६०० लिटर. लाडक्या फॉर्म्युल्यानं हेच ३६,७०० येतात. त्यात काठापर्यंतचे पाच इंच चुकून धरले की चाळीस हजारांच्या वर! ठेकेदाराचा आकडा कुठून येतो ते कळलं असेलच. त्या आकड्यावर औषध टाकाल तर दर वेळी जवळपास पाचवा हिस्सा जास्त पडेल. ६५ टक्केवाल्या क्लोरीनच्या दाण्यांचं माप दहा हजार लिटरला, दर एक पीपीएमसाठी (दहा लाख भागांत एक भाग), सुमारे १५ ग्रॅम आहे. तेव्हा लिटर नीट असलेले बरे.

इंचांचे फूट करताना जपा: ३ फूट ९ इंच म्हणजे ३.७५, ३.९ नाही. पायऱ्या आणि पाण्याखालची बैठक वजा करा.

शेवटी पडताळा. वरच्या उदाहरणातल्या पूलमध्ये एक इंच पाणी म्हणजे सुमारे ६८० लिटर; तुमच्या पूलचा असाच आकडा काढून मोटरच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाणी भरपूर खाली गेलं आणि पाच हजारांचा टँकर आला की फिल्टरचा पंप बंद करा, पातळीवर खूण करा आणि टँकरवाल्या भैयाला टँकर पूर्ण रिकामा करू द्या. उदाहरणातल्या पूलमध्ये सव्वासात इंच चढायला हवं. पाच-साडेपाचच चढलं, तर एक तर तुमचं माप चुकलंय, नाहीतर टँकर भरून आलेला नव्हता. आधी लांबी-रुंदी पुन्हा मोजा, मग भांडा.