पक्षाच्या शाखेची बैठक आणि ‘आपली मूल्यं’: या चुका टाळा

शाखेत दोन गट पडले की कारण विचारल्यावर उत्तर ठरलेलं असतं: “वैचारिक मतभेद आहेत.” खोलात गेलं की वेगळंच निघतं. कुणाला बैठकीचा निरोप आदल्या रात्री मिळालेला असतो. कुणाचा ठराव दर वेळी ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणून ढकललेला असतो. वर्गणीचा हिशेब वर्षभर कुणी मांडलेला नसतो. आणि गंमत म्हणजे भांडणारे दोन्ही गट एकाच जाहीरनाम्यावर मनापासून विश्वास ठेवणारे असतात. म्हणून आधी बैठक तपासा आणि मग, गरज उरलीच तर, माणसांची निष्ठा. हा क्रम उलटा लावला की पुढचं सगळं बिघडत जातं.

ठरवून येणं आणि चर्चेचं नाटक करणं

लक्षण ओळखायला सोपं आहे. बैठक झटपट आटोपते, सगळे माना डोलावतात आणि खरी चर्चा जिना उतरताना सुरू होते. तिघाचौघांनी आदल्या दिवशी फोनवर सगळं ठरवलेलं असतं, बैठक नुसती शिक्का मारायला.

पदाधिकाऱ्यांनी आधी आपसात बोलूच नये, असं माझं म्हणणं नाही. तयारी नसलेल्या बैठकीचं गुऱ्हाळ होतं. पण तयारी म्हणजे दोन-तीन पर्याय, त्यांचा खर्च आणि अडचणी मांडून आणणं. एकच पर्याय आणायचा आणि वर “हे वरून आलंय” म्हणायचं, याला तयारी म्हणत नाहीत. खरंच वरून आदेश आला असेल तर परिपत्रक जसंच्या तसं वाचून दाखवा आणि आदेश म्हणूनच सांगा. शाखेच्या हातात जे उरतं, म्हणजे कोण करणार, कधी करणार, पैसे कुठून आणणार, त्यावर चर्चा घ्या. आदेश चर्चेला ठेवल्याचं सोंग केलं की लोक पुढच्या खऱ्या चर्चेतही तोंड उघडत नाहीत.

इथे दर वेळी कुणाचा वाईट हेतू असतो असंही नाही. रॉबर्ट मिशेल्स या समाजशास्त्रज्ञानं १९११ साली जर्मनीतल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा अभ्यास मांडला. लोकशाहीचा एवढा पुरस्कार करणाऱ्या पक्षातही सूत्रं मूठभरांच्या हाती जातात, असं त्याला दिसलं. सदस्यांची यादी, पत्रव्यवहार, हिशेब आणि सभेत बोलण्याचं कसब ज्यांच्याकडे, सत्ता आपोआप त्यांच्याकडे सरकते. त्यानं याला अटळ नियमच म्हटलं. माझ्या मते शाखेच्या पातळीवर तो बराच सैल करता येतो: सदस्ययादी आणि हिशेबाची वही किमान दोघांकडे असू द्या, वरून आलेली परिपत्रकं सगळ्यांना त्याच दिवशी पाठवा आणि सचिव-खजिनदार ही पदं मुदत संपली की खरोखर बदला. “दुसरं कोण करणार?” हा प्रश्न वर्षानुवर्षं विचारला जातो, कारण दुसऱ्या कुणाला ते काम कधी शिकवलेलंच नसतं.

गप्प बसलेले ते सहमत, असं धरणं

“कुणाची हरकत नाही ना? मग मंजूर.” या एका वाक्यानं शाखांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं विरोधी पक्षानं केलं नसेल.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञानं १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. कागदावरच्या तीन रेघांपैकी कोणती रेघ नमुन्याच्या रेघेएवढी, एवढंच सांगायचं. उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं. पण खोलीतल्या बाकीच्यांना मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायला सांगून ठेवलं होतं. अशा फेऱ्यांमध्ये सुमारे एक तृतीयांश वेळा माणसांनी समोर दिसणारं सोडून इतरांची री ओढली. एक जरी सोबती खरं बोलला की हे प्रमाण एकदम खाली आलं. रेघांच्या लांबीबद्दल ही गत, तर अध्यक्षांनी सुचवलेल्या उमेदवाराबद्दल काय होत असेल?

म्हणून अध्यक्षांनी आपलं मत सगळ्यात शेवटी सांगावं. सुरुवात नव्या किंवा कमी बोलणाऱ्या सदस्यापासून करावी. “हरकत आहे का?” असं विचारलं तर हात वर करणारा एकटा पडतो. त्याऐवजी “याच्या विरोधात कोणते मुद्दे निघू शकतात?” असं विचारा. मग विरोधाचा मुद्दा मांडणं हे बैठकीचंच काम होतं, कुणाचं बंड ठरत नाही. मोठ्या निर्णयाआधी दोन-तीन मिनिटं शांतपणे प्रत्येकाला चिठ्ठीवर मत लिहू द्या आणि चिठ्ठ्या वाचून मग बोला. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं, पण पहिल्या वक्त्याच्या मागे सगळे वाहून जात नाहीत.

विषय माणसांचा असेल, म्हणजे पदाधिकाऱ्याची निवड किंवा उमेदवाराची शिफारस, तर हात वर करून मतदान घेऊच नका. सरकारनं छापलेल्या मतपत्रिकेवर गुप्त मतदानाची पद्धत १८५६ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींत सुरू झाली. त्याआधी मतदाराला उघडपणे मत द्यावं लागे आणि मालक, सावकार, दांडगे सगळे ते पाहत असत. शाखेत दांडगे नसतील, पण मैत्री असते, उपकार असतात, आणि तेही पाहतच असतात.

किरकोळ विषय आधी, जड विषय शेवटी

सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ साली एका काल्पनिक समितीचं वर्णन केलं. अणुभट्टीचा अवाढव्य खर्च ती अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास वाद घालते. अणुभट्टी कुणाला कळत नाही, छप्पर सगळ्यांना कळतं. शाखेत छपराची जागा फलक घेतो: रंग कोणता, फोटो कुणाचा, कुणाचा फोटो कुणापेक्षा लहान. तोवर अर्धे लोक निघून जातात आणि निवडणुकीच्या खर्चाचा विषय उरलेल्या पाच जणांत ‘सर्वानुमते’ मंजूर होतो.

इलाज विषयपत्रिकेतच आहे. सगळ्यात जड विषय मागील बैठकीचं इतिवृत्त कायम झालं की लगेच घ्या. प्रत्येक विषयासमोर वेळ लिहा आणि ‘माहितीसाठी’, ‘चर्चेसाठी’ की ‘निर्णयासाठी’ हेही लिहा. फलक दोघांवर सोपवा आणि बैठकीत आणूच नका. ‘आयत्या वेळचे विषय’ हा दरवाजा उघडा ठेवा, पण तिथून पैशाचा किंवा माणसाचा निर्णय आत येऊ देऊ नका. गैरहजर सदस्यांशी तो सरळ दगाफटका होतो.

इतिवृत्त नावापुरतं लिहिणं

नेहमी दिसणारं इतिवृत्त असं असतं: “बससेवेच्या प्रश्नावर सविस्तर चर्चा झाली. अनेकांनी मोलाच्या सूचना केल्या. योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.” दोन महिन्यांनी या तीन वाक्यांवरून काहीच सांगता येत नाही. काय ठरलं होतं यावरूनच मग भांडण होतं, आणि त्याला वैचारिक मतभेद म्हणतात.

असं लिहा: “ठराव: भाडेवाढीविरोधात सह्यांची मोहीम घ्यावी. सूचक आणि अनुमोदक यांची नावं. बाजूने ११, विरोधात ४, तटस्थ २. जबाबदारी दोघांची, नावानिशी. अहवाल पुढच्या बैठकीत. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं: आधी परिवहन समितीला निवेदन द्यावं.” शेवटचं वाक्य अनेक सचिव गाळतात. ते गाळू नका. आपलं म्हणणं नोंदलं गेलं, एवढ्यावर हरलेली माणसं पुढच्या दिवशी सह्या गोळा करायला येतात.

हेन्री मार्टिन रॉबर्ट हा अमेरिकी लष्करी अभियंता. त्याच्यावर एका सभेचं अध्यक्षपद आलं आणि सभा त्याला आवरेना. त्या नामुष्कीतून त्यानं १८७६ साली सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं. आजही अनेक संस्था ते वापरतात. त्यातलं इतिवृत्ताबद्दलचं सूत्र कामाचं आहे: सभेत काय बोललं गेलं यापेक्षा काय केलं गेलं, ते लिहा. विरोधकांच्या मुद्द्यापुरती मात्र मी त्याला सवलत देईन.

मूल्यांचा कागद भिंतीवर, निर्णय भलतीकडे

आता मूळ दुखण्याकडे. बहुतेक शाखांकडे मूल्यांचा एक कागद असतो: प्रामाणिकपणा, पारदर्शकता, सर्वांचा विकास, तळागाळातल्या माणसाशी बांधिलकी. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही आणि एकही उपयोगाचं नाही. कसोटी सोपी आहे: याच्या उलट भूमिका एखादा पक्ष उघडपणे घेईल का? “आम्ही अप्रामाणिक आहोत” असं कुणीच म्हणत नाही, म्हणजे या वाक्यानं आपण वेगळे ठरत नाही आणि अडचणीच्या वेळी वाटही सापडत नाही.

मूल्य लिहायचं तर त्यासाठी आपण काय सोडायला तयार आहोत, तेही त्यात यायला हवं. ‘पारदर्शकता’ खोडा आणि लिहा: “शाखेला मिळालेली प्रत्येक देणगी देणाऱ्याच्या नावासह आणि खर्चासह पुढच्या बैठकीत वाचून दाखवू. नाव गुप्त ठेवण्याची अट असेल तर देणगी घेणार नाही.” हे वाक्य चर्चेला ठेवून बघा. अर्ध्या तासात कळेल की पारदर्शकतेवर आपलं खरंच एकमत आहे की नव्हतं. नसेल तर आत्ताच कळलेलं बरं. ऐन निवडणुकीत कळण्यापेक्षा केव्हाही बरं.

दुसरी चूक याहून महागात पडते. मूल्य, धोरण आणि डावपेच हे तिन्ही एकाच पारड्यात टाकले जातात. बससेवेचंच घ्या. सार्वजनिक सेवा गरिबाला परवडली पाहिजे, हे मूल्य. त्यासाठी सगळ्यांना भाडं माफ करायचं की विद्यार्थी आणि वृद्धांना सवलत द्यायची, हे धोरण. मोर्चा एकट्यानं काढायचा की दुसऱ्या पक्षाला सोबत घेऊन, हा डावपेच. मूल्यावर एकमत लागतं, कारण त्यासाठीच आपण एकत्र आलोय. धोरणावर बहुमत पुरतं आणि अल्पमताला पुढच्या अधिवेशनात पुन्हा मुद्दा मांडायचा हक्क राहतो. डावपेच तर परिस्थितीनुसार महिन्याला बदलू शकतो.

बहुतेक फुटी तिसऱ्या पातळीवर सुरू होतात आणि पहिल्या पातळीची भाषा वापरतात. संयुक्त मोर्चाला विरोध करणारा लगेच ‘गद्दार’ आणि पाठिंबा देणारा ‘विकला गेलेला’. असा वाद पेटला की अध्यक्षांनी चर्चा थांबवून एकच प्रश्न टाकावा: आपण यातल्या कोणत्या पातळीवर बोलतोय? फळ्यावर तीन रकाने काढून प्रत्येक मुद्दा त्यात लिहायला लावा. मूल्यांच्या रकान्यात पडलेले मुद्दे दोन्ही बाजूंचे सारखेच निघतात, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आलं की आवाज आपोआप खाली येतो. कधी कधी मात्र फरक खरोखरच पहिल्या रकान्यात निघतो. तेव्हा तो झाकू नका. तो विषय स्वतंत्र बैठकीचा आहे.

नव्यांना फक्त सतरंज्या उचलायला ठेवणं

यावर फार लिहायची गरज नाही, सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळीकडे चालतं. नव्या सदस्याला पहिल्या दोन-तीन बैठकांत एक छोटी पण स्वतःची जबाबदारी द्या, जिचा अहवाल तोच उभा राहून देईल. जुन्या भांडणांचे संदर्भ, टोपणनावं, “त्या वेळी काय झालं होतं” हे त्याला कुणीतरी आधी समजावून सांगा. नाहीतर तो गाळलेल्या जागा ऐकत बसतो आणि एक दिवस यायचा बंद होतो.

गाडी अडली तर

कोरम, म्हणजे ठराव करायला लागणारी किमान हजेरी, नसेल तर बोला, माहिती द्या, पण ठराव करू नका. ‘सगळे हो म्हणतीलच’ असं धरून केलेला ठरावच नंतर सगळ्यात जास्त छळतो.

समसमान मतं पडली तर, पक्षाच्या घटनेत वेगळं लिहिलं नसेल तर, ठराव फेटाळला गेला असं धरतात. अध्यक्षांच्या निर्णायक मताची तरतूद असेल तर ती आधीच वाचून दाखवा, ऐनवेळी शोधू नका.

तीन इच्छुक असतील आणि एकदाच मतदान घेतलं, तर बहुसंख्यांना नको असलेला माणूसही निवडून येतो. दोघांची मतं विभागतात आणि तिसरा पुढे जातो. काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञानं १७८५ सालीच याहून अवघड पेच दाखवला होता: बहुमत पहिल्याला दुसऱ्यापेक्षा, दुसऱ्याला तिसऱ्यापेक्षा आणि तिसऱ्याला पुन्हा पहिल्यापेक्षा वरचढ ठरवू शकतं. म्हणून पद्धत नावं पुढे येण्याआधी ठरवा. पहिल्या दोघांत दुसरी फेरी घेणं शाखेला सहज झेपतं.

ग्रुपवर निर्णय घेऊ नका. अंगठ्याची खूण म्हणजे “मंजूर” की “वाचलं”, हे कुणालाच सांगता येत नाही. तिथे तारीख, विषयपत्रिका आणि इतिवृत्त टाका, बस्स.

आणि एखाद्यानं खरोखर मूल्यांना हरताळ फासलाय असं वाटत असेल, तर भर बैठकीत त्याचं नाव घेऊन सुरुवात करू नका. तक्रार लेखी घ्या. कागदातलं कोणतं वाक्य, कधी आणि कसं मोडलं, हे त्यात असलं पाहिजे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिची प्रत आणि उत्तर द्यायला पुरेसे दिवस द्या. तक्रार करणारा निर्णय देणाऱ्यांत नको. निर्णय कारणांसह लिहून द्या आणि वरिष्ठ समितीकडे दाद मागायची वाट खुली ठेवा. तक्रारदाराला मोडलेलं वाक्य दाखवता आलं नाही, तर तक्रार तिथेच निकाली काढा आणि तसं वाक्य कागदात घालायचं का, हा विषय पुढच्या विषयपत्रिकेवर घ्या. मागच्या तारखेपासून मात्र ते कुणालाही लावू नका.