जिप्सीचा रोल केज: पाइप घेण्याआधी सीटवर बसा

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. जिप्सीत रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर माणसं वाचवणारा पाइपांचा पिंजरा, बसवायला येणारी पोरं मोबाइलवर फोटो दाखवतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "दादा, पाइप किती इंची घ्यायचा?" पाइपचा नंबर बराच नंतर लागतो. मी आधी हेल्मेट घालून सीटवर बसायला सांगतो.

सीट शेवटी जी राहणार तीच हवी, तिच्या पक्क्या जागेवर. गाडी चालवणाऱ्यांत सगळ्यात उंच असेल त्याने बसायचं, पट्टा आवळायचा. मग मेन हूप (सीटमागची मोठी उभी कमान) जिथे येणार तिथपासून काचेच्या वरच्या पुढच्या आडव्या पाइपच्या जागेपर्यंत सरळ पट्टी धरायची. हेल्मेट तिच्या खाली राहिलं पाहिजे. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या बाहा स्पर्धेत १५२ मिमी, म्हणजे सहा इंच अंतर मागतात. मीही तेवढंच मागतो, कारण गाडी उलटली की पट्टा ताणतो आणि माणूस सीटवरून उचलला जातो. जागा पुरत नसेल तर सीट खाली घ्या किंवा हूप उंच करा. "चालतंय की" म्हणू नका.

नंतर इलेक्ट्रिकवाल्याचा पीव्हीसी कंड्युट, एल्बो आणि चिकटपट्टी आणा आणि अख्खा केज गाडीत प्लास्टिकचाच उभा करा. दार उघडून आत बसून बघा, गिअर टाका, स्टिअरिंग पूर्ण फिरवा. कोपर कुठे आपटतं ते इथेच कळतं. मागच्या बाकांवर माणसं बसवायचा विचार असेल तर तो सोडा. मेन हूपच्या मागे बिनहेल्मेटचं डोकं आणि त्याच्या वीतभर अंतरावर लोखंड, हे मी करून देत नाही. बाकं काढून टाका.

आता पाय. फोटोत ते दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी विचारत नाही.

जिप्सीला लॅडर चासी (शिडीसारखा लोखंडी सांगाडा) आहे आणि तिच्यावर बॉडी रबरी बुशांवर बसलेली आहे. खडकावर एक चाक चढलं की चासी पिळते, बॉडी तिच्यामागून येते, आणि दोघींत फरक पडतो. केजचे दोन पाय चासीला आणि चार बॉडीला बांधले तर हा फरक वेल्डवर येतो. वेल्ड नाही तुटला तर फ्लोअरचा पत्रा फाटतो. सगळे पाय एकाच ठिकाणी घ्या. चासीवर घेतले तर सीट आणि पट्टेसुद्धा केजलाच बांधायला हवेत, नाहीतर केज चासीबरोबर आणि माणूस बॉडीबरोबर जाईल. मी जिप्सीत पाय बॉडीवर घेतो, पण बॉडी माउंटच्या, म्हणजे त्या बुशांच्या, जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ.

मोटार शर्यतींचे नियम करणाऱ्या एफआयएच्या परिशिष्ट 'जे', कलम २५३ मध्ये बोल्टच्या पायाचं किमान माप दिलं आहे: दर पायाला ८ मिमीचे, ८.८ ग्रेडचे तीन बोल्ट आणि पत्र्याला आधार देणारी किमान ३ मिमी जाड, १२० चौ. सेंमी.ची प्लेट. मी १० मिमीचे चार बोल्ट टाकतो आणि जमेल तिथे प्लेट 'एल'मध्ये वाकवून बाजूच्या उभ्या पत्र्यावरही चढवतो. आडवा पत्रा दाबाने खाली बसतो, उभा सहजासहजी बसत नाही. हे सगळं करायच्या आधी मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरने फ्लोअर टोचून बघा. जुन्या जिप्सीत, त्यात कोकणातल्या, तो आरपार गेला तर आधी पत्र्याचं काम.

आता पाइप. त्याच कलमात मेन हूपला ४५ मिमी बाय २.५ किंवा ५० बाय २, आणि बाकीच्याला ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २ असं आहे. माल कोल्ड ड्रॉन सीमलेस (थंड ओढलेला, बिनजोडाचा, म्हणजेच सीडीएस), साधं कार्बन स्टील. गणित केलं तर ५० बाय २ हा ४५ बाय २.५ पेक्षा मीटरला पाव किलो हलका आणि वाकण्याला सुमारे पंधरा टक्के जास्त ताठ निघतो. तरी मी ४५ घेतो. खडकाच्या टोकावर पातळ भिंत लवकर चेपते, आणि चेपलेल्या पाइपला ते गणित लागू नाही. मेन हूपला साडेतीन मीटर आणि बाकी पंधरा मीटर धरले तर ४२ किलो होतात, प्लेटा वेगळ्या.

पाण्याचा जीआय पाइप नको. ४० एनबी (नावापुरतं माप) म्हणून मिळतो त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, वजन जास्त, आणि जस्ताचा धूर वेल्ड सच्छिद्र करतो, फुप्फुसात जातो तो वेगळाच. रेलिंगचा चकचकीत स्टेनलेस तर बंगल्यालाच शोभतो. दुकानदाराकडे सीडीएस मागा आणि टेस्ट सर्टिफिकेट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

बेंडिंगला एक फसगत नेहमीची. बऱ्याच बेंडरवाल्यांकडे डाय असतात एनबीच्या मापाच्या. तुमची ३८ ची ट्यूब ४२.४ च्या डायमध्ये घातली की ती बाजूने मोकळी राहते आणि चपटी होते. बेंडवर कॅलिपर लावा: लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीखाली गेला तर तो तुकडा भंगारात. बेंडची त्रिज्याही मध्यरेषेवर व्यासाच्या तिप्पट तरी हवी. बेंडरवाल्याकडे जाताना ६ मिमीची सळई वाकवून नमुना घेऊन जा. कागदावरचा कोन त्याला आणि तुम्हाला वेगवेगळा दिसतो.

आकार ठरवताना गाडी कशी पडते ते आठवा. गोव्यात भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तसल्या चिखलात गाडी बहुतेक वेळा हळूच कुशीवर जाते आणि पुढचा वरचा कोपरा जमिनीला लागतो. जिप्सीची काच दुमडणारी, तिची फ्रेम बिजागरीवर. ती काही सोसणार नाही. म्हणून सीटमागे एकटा हूप लावून त्याला केज म्हणू नका. पुढचे पाय आणि छताचे पाइप लागतातच. मेन हूप एकसंध हवा. मेन हूपपासून मागे उतरणारे टेके सरळ, उभ्या रेषेशी किमान ३० अंशांत. हूपमधला कर्ण वरून ड्रायव्हरच्या बाजूने, म्हणजे आपल्याकडे उजवीकडून, खाली डावीकडे. पाइप पाइपला मध्येच कुठेतरी भेटवू नका, जोडावर भेटवा. खांद्याचे पट्टे बांधायचा आडवा पाइप अशा उंचीवर की पट्टा मागे जाताना साधारण १० अंशच उतरेल. ४५ अंशांपेक्षा जास्त उतरला तर पडताना तो कणा दाबतो.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) सॉकेट काढा. पाइपची तोंडं होल सॉने फिशमाउथ करा (दुसऱ्या पाइपवर चपखल बसतील अशी गोल कापा), फट वेल्डने भरायची नाही. सगळा केज गाडीतच टॅक करा (टिपक्यांनी तात्पुरता जोडा), मग समोरासमोरचे जोड आलटून पालटून सीओटू वेल्डिंगने पूर्ण गोल भरा. कापडी हूड काढलेल्या जिप्सीत वरून हात पोचतो. हार्डटॉपमध्ये पायाच्या प्लेटा बसवण्याआधी केज खाली सोडून वरचे जोड मारावे लागतात.

डोकं जिथे लागू शकतं तिथे एफआयए ८८५७-२००१ चं पॅडिंग. एसीच्या पाइपचा काळा फोम बोटाने दाबून बघा, तळाला लोखंड लागतं. रोज रस्त्यावर बिनहेल्मेट फिरणार असाल तर पूर्ण केज करू नका असंच मी सांगतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरटीओची परवानगी कापाकापीच्या आधी बघा.

रंग पांढरा किंवा फिका राखाडी द्या, पावडर कोटिंग नको. जाड थराखाली तडा लपतो; फिक्या रंगावर गंजाची बारीक तपकिरी रेघ टॉर्चमध्ये लगेच दिसते. प्रत्येक खडतर फेरीनंतर पायाचे बोल्ट पान्याने तपासा, आणि सगळ्यात आधी पुढच्या पायांजवळचे वेल्ड बघा, कारण पायाशी पाणी आणि चिखल साचला की तिथे कोणाचं लक्ष नसतं.